रॅप्टरच्या किटमधून ‘वाघूर’ स्टेल्थ बॉम्बर : कामाच्या नोंदी

२१ जानेवारी २०२४, जळगाव

एफ-२२ रॅप्टर या अमेरिकन लढाऊ विमानाचं १/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लास्टिक मॉडेलचं किट मिळालं, सेकंडहँड, ९०० रुपयांत, डबा फाटका आणि डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) पिवळे पडलेले पण स्प्रू (सुटे भाग ज्यात जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) सगळे शाबूत. यातून रॅप्टर करायचा नाहीये. भारतीय हवाई दलाचा एक स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न सापडणारा, बॉम्बर करायचाय जो प्रत्यक्षात कुठेच नाही, दोन इंजिनं, उभ्या शेपट्या नाहीत, मोठा त्रिकोणी पंख. नाव ‘वाघूर’, आपल्या नदीवरून.

रॅप्टरपासून बॉम्बर ही कल्पना अगदीच हवेतली नाही, लॉकहीड मार्टिनने एफबी-२२ नावाने मोठ्या पंखाचा बॉम्बर सुचवला होता, तो कागदावरच राहिला. आणि काल्पनिक स्टेल्थ विमानाच्या किटचा इतिहास तर जुनाच आहे, १९८६ मधे टेस्टर्स या मॉडेल कंपनीने एफ-१९ म्हणून एक किट काढलं, तेव्हा खरं विमान कुणी पाहिलंच नव्हतं त्यामुळे त्यांनी अंदाजाने गोलसर गुळगुळीत आकार दिला. नोव्हेंबर १९८८ मधे खरं स्टेल्थ विमान, एफ-११७, जगासमोर आलं तर ते सगळं सपाट पैलूंचं निघालं. तरी ते किट आजही लोक शोधून शोधून घेतात, कारण ते बघून असं विमान असू शकेल असं पटतं. मला तेच पाहिजे. काल्पनिक विमान म्हटलं की काहीही चिकटवलं तरी चालतं असं बरेच जण समजतात आणि मग बॉम्बरवर सतरा अँटेना, बाहेर लटकवलेली क्षेपणास्त्रं, वर काळा रंग. खऱ्या विमानात चूक झाली तर फोटो दाखवून कुणीतरी सांगतं तरी, इथे सांगायला फोटोच नाही, म्हणून प्रत्येक रेषेला कारण आपल्यालाच द्यावं लागतं.

२८ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस कागदावर गेला आणि तो जायलाच पाहिजे होता.

बी-२ या अमेरिकन स्टेल्थ बॉम्बरचा वरून काढलेला फोटो बघा. पंखाची पुढची कड ३३ अंशांनी मागे झुकलेली आणि मागची जी करवतीसारखी कड आहे तिची प्रत्येक रेघ डाव्या नाहीतर उजव्या पुढच्या कडेला समांतर. पंखाची टोकंसुद्धा तशीच कापलेली. म्हणजे रडारची लाट मोजक्याच दिशांना परत जाते, बाकी सगळीकडून विमान जवळजवळ गप्प. वाघूरला मी हाच नियम लावला, फक्त कोन रॅप्टरचा ठेवला, ४२ अंश, कारण नाकाजवळच्या कडा आणि इनटेकजवळचा (इंजिनात हवा शिरते त्या तोंडाजवळचा) पंखाचा भाग किटचाच राहणार आहे.

४२ अंश घेण्यात एक मोठी सोय आहे. दर १० मिमी बाहेर गेलं की ९ मिमी मागे यायचं, बस. कोनमापकाची गरजच नाही. जुन्या एटीएम कार्डातून एका बाजूला ५० मिमी आणि दुसऱ्या बाजूला ४५ मिमी असा काटकोन त्रिकोण कापला, हाच आता सगळ्या कामाचा गुण्या. पंख, दरवाज्यांचे दाते, मास्किंग टेप, सगळं यावरूनच कापायचं.

मापं: किटची लांबी २६ सेमीच्या थोडी वर आणि पंखांची रुंदी १९ सेमीच्या आत. रुंदी २६ सेमी करतोय, म्हणजे खऱ्या मापात १८.७ मीटर. धडात कॉकपिटच्या मागे २ सेमीचा तुकडा घालायचा, म्हणजे १.४४ मीटर. आत ब्राह्मोस बसवायची फार इच्छा होती पण ब्राह्मोस ८ मीटरच्या पुढे आहे, १/७२ मधे ११ सेमीच्या वर, आणि रॅप्टरच्या पोटात इनटेकच्या नळ्यांमधे तेवढी जागा कशीही केली तरी निघत नाही. म्हणून पोटात डीआरडीओचे सॉ बॉम्ब आहेत असं धरलं, ते १२५ किलो गटातले आणि धावपट्ट्या फोडायला केलेले, छोटे असल्यामुळे बरेच मावतात. दरवाजे बंदच ठेवणार.

४ फेब्रुवारी

धड कापलं. बारीक दातांच्या करवतीने, आधी टेप गुंडाळून तिच्या कडेने ब्लेडने खाच पाडली आणि मगच करवत, नाहीतर करवत घसरून कॉकपिटकडे जाते. वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा न कापता आधी टेपने एकत्र बांधला आणि एकदम कापला, त्यामुळे दोन्ही काप जुळले.

उभ्या शेपट्यांच्या खाचा स्प्रूच्याच तुकड्यांनी भरल्या. स्प्रूचे बारीक तुकडे पातळ सिमेंटच्या (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाच्या) बाटलीत विरघळवून जी लापशी होते ती अशा खाचांना सगळ्यात चांगली, कारण वाळल्यावर ती प्लास्टिकच होते, पुट्टीसारखी वेगळी घासली जात नाही. फक्त वाळायला आठवडा द्या.

नाकात वजन आत्ताच भरलं. मागे एवढा पंख वाढणार म्हटल्यावर विमान शेपटीवर बसणार हे नक्की होतं. सायकलच्या दुकानातून छर्रे आणले आणि नाकात एम-सीलमधे दाबून बसवले. धड बंद झाल्यावर वजन घालायला वाटच राहत नाही, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा जास्तच घाला.

११ फेब्रुवारी

प्लास्टिक शीटचा प्रश्न. इथे साइनबोर्डवाल्यांकडे सनबोर्ड आणि ॲक्रिलिक भरपूर मिळतं पण दोन्ही आपल्या सिमेंटने नीट एकजीव होत नाहीत. मॉडेलवाली स्टायरीन शीट ऑनलाइन मागवली तर शीटपेक्षा कुरिअर महाग. मग भंगार बाजारात गेलो आणि फ्रीजचं दार आणलं, १५० रुपये. फ्रीजच्या आतलं पांढरं अस्तर बहुतेक वेळा हाय इम्पॅक्ट पॉलीस्टायरीनचं असतं, म्हणजे किटच्याच जातीचं. घेताना कोपऱ्यावर सिमेंटचा एक थेंब टाकून बघा, दहा सेकंदात बोटाला चिकट लागलं तर घ्या, तसंच कोरडं राहिलं तर सोडा. पिवळं पडलेलं दार घेऊ नका, ते वाकवलं की काचेसारखं तुटतं.

मागचा फोम खरवडताना तोंडाला रुमाल नाही तर मास्क लावा, फार बारीक भुकटी उडते. अस्तर काही ठिकाणी १ मिमी तर कोपऱ्यांकडे त्याहून पातळ निघालं, मधला सपाट भागच कामाचा. एका दारात दोन पंख निघून वर भरपूर कातरण उरलं.

१८ फेब्रुवारी

पंख कापले. दोन थर एकावर एक पूर्ण चिकटवून वरून घासून आकार द्यायचा असा बेत. फोटो फ्रेमवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणला, त्यावर पंख आणि वर घरातला पाटा. आईने सकाळी पहिलं विचारलं, “मना पाटा कोठे शे?” दोन दिवसांची मुदत मिळालीये.

३ मार्च

डावा पंख वाकला. पाट्याखालून काढला तेव्हा सरळ होता, दहा-बारा दिवसांत केळीच्या पानासारखा वर वळला. उजवाही त्याच वाटेवर.

कारण शोधलं. दोन मोठे सपाट थर पूर्ण चिकटवले की मधलं सिमेंट बाहेर निघायला जागाच मिळत नाही, कडा आधी वाळून बंद होतात आणि आतलं द्रावण आठवडेच्या आठवडे प्लास्टिकला मऊ करत राहतं. वरचा थर एका वेगाने आकसतो, खालचा दुसऱ्या वेगाने. पाटा कितीही वेळ ठेवला तरी उपयोग नाही. गरम पाण्यात धरून सरळ करून पाहिला, दोन दिवसांत परत तसाच.

दोन्ही पंख टाकून दिले. एवढे दिवस वाया गेल्याचं वाईट वाटलंच, पण वाकलेला पंख पुट्टीने सरळ करायच्या नादाला लागू नका, तो पुढे रंगाखाली पण हलतो.

१० मार्च

नवे पंख. या वेळी मधे पूर्ण थर नाही. खालचा प्लास्टिकचा पत्रा, त्यावर पट्ट्यांचा सांगाडा, वरचा पत्रा. वरच्या पत्र्याला आतून आणि सांगाड्याच्या पट्ट्यांना १.५ मिमीच्या ड्रिलने भोकं, आणि पंखाची जी कड धडाला चिकटणार ती उघडीच ठेवली, म्हणजे वाफ तिथून निघून जाते. सिमेंट पण फक्त पट्ट्यांवर आणि कडांना. पट्ट्या अर्थातच ४२ अंशातच लावल्या, गरज नव्हती, पण गुण्या हातात होता आणि त्यामुळे वरून घासताना कुठे आधार आहे ते कळत राहतं.

मागच्या कडेची आखणी लिहून ठेवतो. टोकापासून आत येताना ६० मिमीपर्यंत रेघ मागे जाते, ५४ मिमी. तिथून आत ४० मिमी येताना पुढे जाते, ३६ मिमी. मग मधला शेपटीचा भाग परत मागे. हा मधला भाग मी इंजिनांच्या चौकोनी नोझलच्या (गरम हवा बाहेर पडते त्या तोंडांच्या) खालून पुढे काढला, म्हणजे खालून बघितलं तर नोझल दिसतच नाहीत. बी-२ मधे पण गरम हवा पंखाच्या वरूनच सोडलीये, त्यामुळे जमिनीवरच्या रडारपासून नोझल आणि उष्णता शोधणाऱ्या यंत्रांपासून ती हवा लपते. रॅप्टरची नोझल वर-खाली २० अंश फिरतात, इथे खाली जागाच नाही म्हणून ती सरळ स्थितीत कायमची चिकटवली.

डावी-उजवी बाजू जुळवायला एकच उपाय, दोन्ही पंखांचे पत्रे एकावर एक टेपने बांधून एकदम कापायचे आणि एकदम घासायचे. वेगवेगळे कापले की अर्धा मिमीचा फरक पडतोच आणि समांतर कडांच्या विमानात तो अर्धा मिमी लगेच डोळ्यात येतो.

१७ मार्च

इनटेक. किटमधे इनटेकच्या आत बोटभर गेलं की सपाट भिंत. खऱ्या रॅप्टरमधे नळी सापासारखी वळते, समोरून इंजिनाचा पंखा दिसू नये म्हणून, कारण फिरती पाती रडारला फार चांगली सापडतात. भिंत कापली, पातळ शीट गरम पाण्यात मऊ करून आत आणि वर वळवली, आतून पांढरा रंग. आत बघितलं की नळी वळून जाते आणि पुढे अंधार. सगळ्या कामात मला हा भाग सगळ्यात आवडला, आणि शेल्फवर ठेवल्यावर तो कुणाला दिसणार नाही याने काही फरक पडत नाही.

२४ मार्च

पंख धडाला लागले, सांधे भरायला घेतले. इथे मला आप्पांकडे जावं लागलं. आप्पा म्हणजे अजिंठा चौफुलीकडे गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात, आमचं जुनं येणंजाणं. पुट्टी मी जाड थापली होती आणि ती आकसून सांध्यावरच केसाएवढी चीर पडली होती. आप्पांनी नखाने चीर चाचपली आणि म्हणाले, “जाड नको मारू रे भो. पातळ मार, वाळू दे, परत मार. गाडीच्या दाराला पण आम्ही एका दमात भरत नाही.”

जुनी सगळी खरवडून काढली. एनसी पुट्टी पातळ थरांनी, प्रत्येक थराला रात्रभर वेळ. एनसी थिनर प्लास्टिक खातं, म्हणून पुट्टी थिनरने पातळ करायची असेल तर आधी फ्रीजच्या कातरणावर लावून बघा. धारदार कडांना पुट्टी लावलीच नाही, तिथे फेवीक्विक आणि टाल्कम पावडर, दगडासारखं कडक होतं आणि कड टिकते. पण अर्ध्या तासात घासायला घ्यायचं, दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकपेक्षा कडक झालेलं असतं आणि मग शेजारचं प्लास्टिकच झिजतं.

७ एप्रिल

प्रायमर मारला, गुळगुळीत दिसतंय म्हणून खूश होऊन आप्पांकडे घेऊन गेलो. त्यांनी विमान हातात घेतलं, ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं आणि हळूहळू फिरवलं. ओल्या कपड्याने पुसलेल्या पंखावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ पडली होती, ती सरळ सरकत सरकत आली आणि धडाच्या सांध्यापाशी जरा मोडली, मग परत सरळ. ते काही बोलले नाहीत, फक्त बोट ठेवलं. मला प्रायमरवर नुसतं बघून तिथे काहीच दिसलं नसतं.

मग त्यांनी काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा सगळीकडे मारून दिला, दुरून, नुसते ठिपके पडतील एवढाच. हा काळा ८०० च्या वॉटर पेपरने पाणी लावून घासायचा, लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळून. उंच भागावरचा काळा लगेच जातो, खड्ड्यातला राहतो. राहिलेल्या काळ्या डागांवर पुट्टी, परत फवारा, परत घासायचं. बोटाने घासू नका, बोट खड्ड्यात शिरतं आणि खड्डाच खोल करतं. हे काम कंटाळवाणं आहे पण स्टेल्थ विमानाला दुसरा पर्याय नाही, बाकी विमानांत रिव्हेट आणि रेषांत सांधे लपतात, इथे सगळं उघडं.

२१ एप्रिल

पॅनल लाइन. लढाऊ विमान करताना आपण रेषा खोल करतो आणि काळा वॉश (अगदी पातळ केलेला रंग) भरतो, इथे उलटं केलं, किटच्या बऱ्याचशा रेषा बुजवल्या. खऱ्या स्टेल्थ विमानांत सांध्यांवर रडार शोषणारं भरण आणि टेप असते, फटी दिसू देत नाहीत. ज्या उघडतात तेवढ्याच रेषा ठेवल्या, बॉम्बचे दरवाजे, चाकांचे दरवाजे, आणि त्यांच्या पुढच्या-मागच्या कडांना दाते कोरले, एटीएम कार्डाचा गुण्या धरून. पहिल्या फेरीत सुई हलकीच ओढायची, जोर दिला की ती फ्रीजच्या प्लास्टिकमधे भरकटते, ते किटच्या प्लास्टिकपेक्षा मऊ आहे.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

मधे रंगाने फार छळलं ते आता लिहितो.

काळा रंग देणार नव्हतोच. बी-२ चा गडद राखाडी एफएस ३६११८ (अमेरिकन रंगक्रमांक), त्याच्या जवळपास काळा, पांढरा आणि निळ्याची झाक असं मिसळून केला आणि जरा फिकाच ठेवला, छोट्या मॉडेलवर गडद रंग आणखी गडद दिसतो. पण एप्रिलअखेरीस दुपारी एअरब्रश घेऊन बसलो तर रंग पंखापर्यंत पोचायच्या आतच वाळत होता. पृष्ठभागावर बसली ती भुकटी, हात फिरवला तर वॉटर पेपरसारखं खरखरीत. प्रेशर कमी केलं, थिनर वाढवलं, जवळून मारलं, फरक थोडाच. पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी रंगवायचंच नाही हे आता पक्कं. खरखरीत थर १००० च्या पेपरने काढला, आप्पांकडून स्लो थिनर आणलं आणि पहाटे साडेपाचला गच्चीच्या जिन्यात बसून रंगवलं. बसला. रेशमासारखा बसला.

आज बहीण माहेरी आलीये, भाचा सोबत. आंब्याचा रस आणि पुरणपोळी झाल्यावर त्याला टेप कापायला बसवलं. त्याने गुण्या लावून पट्ट्या अशा कापल्या की एक पण टाकावी लागली नाही. त्याच पट्ट्यांनी दरवाज्यांच्या आणि पंखाच्या कडांभोवती फिकट राखाडी पट्टे काढले. टेप काढताना तो श्वास रोखून बघत होता. “मामा, हे खरंच उडतं का?” म्हणाला. मी सांगितलं की असं विमान नाहीये, पण ते का उडू शकेल ते तुला दाखवतो, आणि मग आम्ही जुन्या वहीवर १० ला ९ च्या रेघा काढत बसलो.

१९ मे

क्लिअर कोट दुधासारखा पांढरा पडला. खोलीत कूलर चालू होता. लॅकर क्लिअर वेगाने वाळताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतली वाफ त्यात अडकते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा त्रास सहसा होत नाही, पण कूलर खोलीत ओलावाच फेकत असतो. तो बंद करून तासभर खिडक्या उघड्या ठेवल्या, मग नुसत्या स्लो थिनरचा अगदी हलका फवारा मारला, पांढरेपणा डोळ्यांसमोर विरला. फवारा हलकाच हवा, ओला पडला तर खालचे पट्टे वाहून जातील.

कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या काचेला) सोनेरी झाक काचेवर रंगवायच्या पिवळ्या आणि थोड्या नारिंगी रंगाने दिली. रॅप्टरच्या कॅनॉपीवर धातूचा पातळ लेप असतो, त्यामुळे रडारला आतलं कॉकपिट दिसत नाही, सोनेरीपणा त्याचाच.

२६ मे

डिकल. हवाई दलाचं चक्र, बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. घरचा इंकजेट पांढरा छापत नाही, म्हणून पंखावर आधी पांढरा गोल मास्क करून रंगवला आणि त्यावर पारदर्शक डिकल बसवलं. इंकजेटचं डिकल पाण्यात टाकण्याआधी क्लिअरचे दोन हात द्यावेच लागतात, नाहीतर शाई पसरते. चक्र लहान आणि जरा मळकट ठेवलं, एवढ्या लपवाछपवीच्या विमानावर ठळक चक्र कुणी काढणार नाही. स्क्वाड्रनचं चिन्ह दिलं नाही, खऱ्या स्क्वाड्रनचं नाव काल्पनिक विमानावर टाकणं मला बरोबर वाटत नाही.

शेवटी मॅट क्लिअर. चाकांवर उभं केलं, शेपटी टेकली नाही.

खर्च: किट ९००, फ्रीजचं दार १५०, सिमेंट ४५०, वॉटर पेपर १२०, पुट्टी १८०, प्रायमर आणि थिनर २००, रंग ७००, मास्किंग टेप २५०, डिकल कागद १५०. एकूण ३१०० रुपये. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर आधीचेच. आप्पांनी मजुरी घेतली नाही, त्यांना वाघूरचा फोटो गॅरेजमधे लावायला दिलाय.

कुणी १/४८ मधे करणार असेल तर धडातला तुकडा २ ऐवजी ३ सेमीचा घ्या, सांगाड्याच्या पट्ट्या दुप्पट रुंद ठेवा, आणि दारं दोन आणा, एका फ्रीजच्या दारात तेवढा पंख बसणार नाही.